राजवाड्याच्या पाठीवरची फुंकर

शालिक, तुझा फ्लेक्स लागला.

आपल्या वडशाच्या चौकात, पानठेल्याच्या डोक्यावर, वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मधे तुला दाबून बसवला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं तुझ्या डोक्याहून मोठी. तुला त्यांनी गोरा केला होता. गोरा कसला, गुलाबी. गळ्याखाली कुणा भलत्याच माणसाचा कोट आणि टाय चिकटवला होता. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस तू. मी चौकात उभा राहून पोट धरून हसलो. पानठेलेवाला खवळला, "महाराज, मयताचा फ्लेक्स पाहून कोनी हासते का?"

मी म्हटलं, "अरे, फ्लेक्सनं ज्याच्या पोटावर पाय दिला, त्यालाच फ्लेक्सवर टांगलाय तुम्ही. हसू नको तर काय, तुझा चुना खाऊ?"

मग हसू आटलं आणि राग आला. तो अजून उतरलेला नाही. फ्लेक्स उतरला. तुझ्या बायकोनं, कौतिकावहिनींनी, उतरवून नेला आणि सरपणावर झाकला. सध्या तू टाय लावून सरपणावर झोपलेला असतोस. पण माझा राग आहे तिथंच आहे, आणि तो तुझ्यावरच आहे, दुसऱ्या कुणावर नाही, हे आधी सांगून टाकतो.

छातीत दुखतंय म्हटल्यावर माणूस दवाखान्यात जातो. वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी, आणि ब्रह्मपुरीत घरं कमी, दवाखाने जास्त. तू काय केलंस? लिंबू-सोडा प्यायलास. "ग्यास हाय," म्हणालास. तुझा ग्यास! नाटक कंपनीतल्या प्रत्येकाच्या तापाला, मुरगळलेल्या पायाला, माझ्या बसलेल्या घशाला दवाखान्याच्या दारात नेऊन बसवणारा तू. स्वतःच्या वेळी सोड्याच्या बाटलीतली गोटी फोडलीस, ढेकर दिलास, आणि पडदा रंगवायच्या गोदामातल्या बाजेवर आडवा झालास. उठायचं नव्हतं तर निदान सांगून जायचं. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं.

त्या भांडणाकडे येतो. पण ज्यांना आपली झाडीपट्टी ठाऊक नाही, त्यांनाही हे वाचायचंय, म्हणून थोडं मागं जातो. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

धान कापून झालं की आपल्याकडे नाटकं सुरू होतात. गावागावात, उघड्या शेतात, मंडप टाकून. मी त्यातला राजा. गेली कित्येक वर्षं कंपनीत मुकुट माझ्याच डोक्यावर आहे, कारण माझा आवाज माइक बिघडला तरी शेवटच्या बैलगाडीपर्यंत जातो. आणि माझ्यामागं जो राजवाडा, जे जंगल, जो तुरुंग, ते सगळं तू पडद्यावर रंगवलेलं, आणि प्रयोगात त्यामागं उभा तूच. मी ओळ विसरलो की राजवाड्याच्या तिसऱ्या खांबातून तुझा आवाज यायचा, "महाराज, 'प्रधानजी, ही दौलत...'" सगळ्या नाटकांच्या सगळ्या ओळी तुला पाठ. लोक म्हणायचे, राजा कसा थांबून, विचार करून बोलतो! राजा विचार करत नसायचा. राजा खांबाकडून ऐकत असायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता तू नाहीस, तर पुढच्या सीझनला सगळ्यांना आपोआप कळेलच.

नव्या पडद्याचा आपल्या कंपनीत एक रिवाज होता. पडदा पहिल्यांदा लोकांसमोर उलगडेपर्यंत तो कामाच्या माणसांखेरीज कुणी बघायचा नाही, रंगवणाऱ्याच्या घरच्यांनी तर नाहीच. आणि उलगडताना रंगवणाऱ्यानं समोर बसायचं नाही. मागं उभं राहायचं, खालचा बांबू हातात धरून. लोकांची तोंडं बघायची नाहीत, नुसतं ऐकायचं. 'अगा बाप्पा!' आलं, शिट्टी आली, की बांबूला एक हलका झटका द्यायचा. समोर अख्खा राजवाडा शहारतो आणि लोकांना कळतं, रंगारी मागं उभा आहे. "थो झटका म्हंजे माया जयभीम," असं तू म्हणायचास. कौतिकावहिनी पहिल्या रांगेत बसायच्या. झटका आला की पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग फ्लेक्स आला. राजवाडा, कोर्ट, पोलीस ठाणं, सगळं छापून. पडदे गोदामात गेले आणि उंदरांचे झाले. तू घरांना रंग देऊ लागलास, दुकानांच्या पाट्या लिहू लागलास. पण कुठं फ्लेक्स दिसला की थुंकायचास. मी म्हणायचो, "थुंकून काय होणार? तो पुसला की स्वच्छ होतो, हाच तर त्याचा गुण आहे." तू माझ्याकडे असा बघायचास, की मीच छापून आणलाय.

अशातच चंद्रपूरहून वासेकर सर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, खांद्याला झोळी, आवाज इतका बारीक की समोर बसूनही कान पुढं करावा लागतो. पाच जणांचं चित्रप्रदर्शन भरवायचं होतं. नाव 'रोजचंच'. घरातले लहान, जवळचे क्षण. एकानं बापाची नखं कापणारा मुलगा काढला होता, एकीनं गॅसची टाकी मधे घेऊन स्कूटरवर बसलेल्या दोघी बहिणी. सरांनी तुला पाचवा धरला. तू इतका खूश झालास की दिवसभर कुणाशी भांडला नाहीस. वहिनींना वाटलं, ताप आला.

आणि मग तू माझा राजवाडा चोरलास.

चोरलासच. मला न विचारता तो जुना पडदा काढलास, उंदीर झटकलेस, उलटा करून ताणलास आणि त्याच्या पाठीवर चित्र काढायला बसलास. मी गोदामात आलो तर माझं सिंहासन भिंतीकडे तोंड करून उभं. आणि इकडं, अख्ख्या रंगमंचाएवढ्या कापडावर, कौतिकावहिनी.

वहिनी म्हणजे काय, वहिनींचा चेहरा. तोही पुरता नाही. हनुवटी, फुंकर मारायला गोळा केलेले ओठ, नाकातली फुली हांड्याएवढी, वर दोन डोळे काळजीनं बारीक केलेले. आणि हातात पदराचा बोळा, तो सरळ आपल्या अंगावर येतोय. मी मागं सरकलो. खरंच सरकलो, आणि रंगाच्या डब्यात पाय घातला.

"खळ्यावरचं हाय," तू म्हणालास. "धान चुरताना डोळ्यात कुसळ गेलं होतं माया. कौतिकानं बोळ्यावर फुकून फुकून शेकलं. तवा मले जसं दिसलं, तसं."

सर बघायला आले. म्हणाले, "शालिकराव, फार सुंदर आहे. पण आपला विषय लहान क्षणांचा. एवढा मोठा पडदा?"

तू हात पुसत म्हणालास, "लहान कुठी हाय सर? तुमी दुरून पाहून राह्यले म्हणून लहान. बायको इतकी जवळ आली का एवढीच दिसते."

"आणि भिंत?"

"भिंत लहान हाय. थो माया दोष नाई."

सरांनी चाचरत अजून एक गोष्ट काढली. चंद्रपूरचं प्रदर्शन म्हटल्यावर पाहुणे वाघ शोधतात, कोपऱ्यात एखादा... तू म्हणालास, "रोजचंच म्हणता त वाघ बी बसते त्यात. आमच्या बाया मोहं वेचाले जाते तवा रोजच भेटते. पण वाघ काढला का बाईकडं कोनी पाहत नाई सर. ना चित्रात, ना जंगलात." सरांनी वाघाचा विषय परत काढला नाही.

आता आपलं भांडण.

मी तुला एवढंच म्हटलं होतं, की शालिक, तुझ्या डोळ्यात कुसळ आहे. धानाचं कुसळ. डोळा लाल, पाण्यानं भरलेला. मग हे सगळं इतकं लख्ख कसं? पापणीचा केस न् केस मोजता येतो. फुलीतला खडा चमकतोय. ओठावरची बारीक लव दिसतेय. एक बाजू पुसट कर. थोडं पाणी आण चित्रात. नाहीतर हे खोटं आहे.

"नाई करत."

"काऊन?"

"पडदा उघडल तवा सांगन."

"आत्ता सांग."

"तुमी राजे हा. राजाले पडद्यामांगचं सांगत नसते."

मी चिडलो. तुला खोटं चित्र काढणारा म्हटलं. तू मला मोठ्या तोंडाचा म्हटलंस, आणि हे जे चित्रात तोंड आहे त्याहून मोठ्या, असंही जोडलंस. चहा आला आणि थंड झाला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच काढलं, तू पुन्हा तेच उत्तर दिलंस, आणि ब्रश तोंडात धरून असा हसलास की मला तो ब्रश तुझ्या घशात घालावासा वाटला. पडदा उघडेल तेव्हा! पडदा गुंडाळून चंद्रपूरला रवाना झाला, आणि तू लिंबू-सोडा प्यायलास.

तूच सांग, याला काय म्हणायचं? भांडणात शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून लोक काय काय करतात, पण मरून जाणं ही हद्द झाली.

मग तुझं पुण्यानुमोदन झालं, म्हणजे शोकसभा. लोक बोलत होते, वहिनी सगळ्यांच्या चपला दारात नीट लावत होत्या. मी भाषण केलं. चांगलं केलं. दोघंतिघं रडले. घरी येऊन मला स्वतःची लाज वाटली, कारण मधे एकदा मी थांबलो होतो आणि तिसऱ्या खांबाकडून ओळ येईल म्हणून वाट बघत होतो.

प्रदर्शनाचा दिवस त्यानंतर आला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी येतो. त्यानं काय काढलं थे मले नाई सांगितलं. एवढंच म्हणे, पहिल्या रांगेत बस." मी त्यांना कंपनीच्या टेम्पोत पुढं बसवून चंद्रपूरला नेलं. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सलग एवढा वेळ गप्प होतो. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

हॉल चांगला होता. दारात रांगोळी, आत थंडगार. नखं कापणाऱ्या मुलाच्या चित्रासमोर वहिनी थांबल्या. "हे त कोनी बी करते. याचं चित्र काऊन काढलं?" असं म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या बुढ्याचे नखं मीच कापत होती. लय रंग राहे त्यात." मी पुढं सटकलो. तुझा पडदा कुठं लावलाय ते बघायला.

पडदा नव्हता, शालिक. कोपऱ्यात तुझा फोटो होता, हार, समई. आणि शेजारी, सोनेरी चौकटीत, पाटाएवढी कौतिकावहिनी. पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून छापून आणलेली. कशावर छापली असेल?

फ्लेक्सवर.

चकचकीत. ओठ गुलाबी, फुली म्हणजे एक ठिपका. तुझं सगळं आयुष्य ज्याच्याशी वैर करण्यात गेलं, त्याच्यावर तुझं शेवटचं काम, पाटाएवढं.

मागून वहिनी येत होत्या. मी काय करणार? मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो आणि खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी पसरली. माझं पोट त्या दिवशी पहिल्यांदा कलेच्या कामी आलं.

"सरका ना भाऊजी. मांगं काय हाय?"

"काही नाही वहिनी. पंख्याचं बटण."

"बटनाले हार घातला?"

"तो शालिकचा फोटो आहे, त्याला. तुम्ही ना, त्या स्कूटरवरच्या दोघी बघा. काय टाकी धरलीय!"

मला सिंहासनावरचं एक लांबलचक स्वगत सुरू करावं लागलं, तेव्हा त्या, वेड लागलं बिचाऱ्याला, अशा नजरेनं दुसरीकडे गेल्या. मी चौकट काढून शालीखाली घातली आणि वासेकर सरांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथं मोडक्या खुर्च्या, फरशी पुसायचे पोछे, आणि त्यांच्याखाली आपला पडदा, गुंडाळलेला.

राजाचा आवाज मी खोलीत कधी काढत नाही. त्या दिवशी काढला. "सर, हा काय प्रकार?"

"भिंत पुरत नाही हो महाराज. आणि त्यांना श्रद्धांजली म्हणून मी मुद्दाम चांगल्या दुकानातून..."

"श्रद्धांजली? अहो, कोंबडीचं दुकान घालणाऱ्याला कोंबड्यांनी हार घातला तरी बरं दिसेल! हा माणूस कशानं बेकार झाला, ठाऊक आहे तुम्हाला? आणि त्याची बायको बाहेर उभी आहे. तिनं अजून पडदा पाहिलेला नाही. तिनं पहिल्यांदा हे बघायचं? हा पापड?"

सर बारीक आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

खरं होतं ते. कोण सांगणार? सांगणारा बाजेवर झोपला आणि उठला नाही. म्हणजे बघ, तिथंही राग फिरून तुझ्यावरच आला.

"भिंत नको आम्हाला," मी म्हटलं. "पुढचा पोर्च द्या."

"तिथं पाहुण्यांची गाडी आहे."

"पाहुण्यांना सांगा, गाडी काढा. नाहीतर गाडीवर राजवाडा पडेल."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता परवानगीचं सांगतील. ते म्हणाले, "दोरी आहे का?"

नाटक कंपनीच्या टेम्पोत दोरी नसेल तर काय मीठ असणार? पुढचं सगळं आपल्या पद्धतीनं झालं. नखंवाला चित्रकार आणि ड्रायव्हर पोर्चच्या स्लॅबवर चढले. वरचा बांबू बांधला. गुंडाळी वरच ठेवली. सर स्वतः खाली उभे राहून दोरी ओढत होते. तळहात सोलले, पण सोडली नाही. समोरच्या चहावाल्यानं ताट आणि चमचा दिला, त्याच्या तीन घंटा झाल्या. रस्त्यावरचे लोक थांबले. मोटारसायकली थांबल्या. हॉलमधले पाहुणे कपबशा घेऊन बाहेर आले. मी सरांना सांगितलं, "वहिनींना सगळ्यांत पुढं उभं करा. खुर्ची द्या." आणि मागं गेलो.

तिसऱ्या घंटेला पडदा सुटला. खालचा बांबू गरगरत आला तो मी दोन्ही हातांत झेलला.

तुझ्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो, शालिक. माझ्यासमोर माझा राजवाडा. आतून इतका फाटका असेल असं वाटलं नव्हतं. सिंहासनाची खपली उडालेली, तिसऱ्या खांबावर तुझ्या बोटांचे तेलकट डाग. उतरतं ऊन पलीकडून येत होतं, आणि जिथं जिथं रंग गळला होता तिथून पलीकडची वहिनी झिरपत होती. माझ्या सिंहासनावर तिचे ओठ.

बाहेर आवाज नाही. शिट्टी नाही, 'अगा बाप्पा' नाही. मला घाम फुटला. दर वेळी तुझं हे असं व्हायचं का रे? कधी बोलला नाहीस.

मग वहिनींचा आवाज आला. मोठा नव्हता.

"हे त मी हावो."

थोड्या वेळानं, "हे खळ्यावरचं हाय. कुसळ गेलं होतं याच्या डोळ्यात. मी फुकून राह्यली, फुकून राह्यली. निघालं का म्हटलं, त म्हणे नाई. आनखीन जवळ ये म्हणे. हालू नको म्हणे. सारे पाहून राह्यले होते खळ्यावर."

सर काहीतरी पुटपुटले. चांगलं रंगवलंय, असं काहीतरी.

"थांबा जी सर." खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं जवळ आली, अगदी कापडाजवळ. "पापणी पापणी दिसते मायी. फुलीतला खडा दिसते. कुसळ होतं डोळ्यात, त एवढं साफ कसं दिसलं याले?"

मी बांबू घट्ट धरला.

"काहीच नोहोतं!" वहिनी ओरडल्या. "डोळ्यात काहीच नोहोतं याच्या! खोटारडा! अन् मी येडी, तोंड दुखेवरी फुकून राह्यली! माया पदर वला झाला! बुढ्या, तुले लाज नाई वाटली, साऱ्या खळ्यासमोर?"

मग आली शिट्टी. मग हसणं, टाळ्या, चहावाल्याचं 'अगा बाप्पा!', सगळं एकदम. मी पुसट कर म्हणत होतो, शालिक. मी तुझ्याशी भांडत होतो, की तू खोटं काढतोयस.

गलका ओसरला. वहिनी अजून तिथंच होत्या, कापडापलीकडे, हातभर अंतरावर. पडद्यामागं कोण उभं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्या हळूच म्हणाल्या, "काय गा. ऐकून राह्यला का?"

माझ्या घशातून, शेवटच्या बैलगाडीपर्यंत जाणाऱ्या या घशातून, काही येईना. मी तिसऱ्या खांबाकडे बघितलं. तिथूनही काही आलं नाही. मला तुझा इतका राग आला, की दात दुखले. हे तुझं काम होतं. हे फक्त तुझं काम होतं, आणि तू ते माझ्या हातात देऊन निघून गेला होतास.

मी बांबूला झटका दिला. हलका. तू द्यायचास तसा.

पडदा शहारला, ओठ हलले, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, असं वासेकर सर सांगतात. मी पाहिलं नाही. मागं उभं राहणाऱ्यानं बघायचं नसतं.